ज्वारी पाहून निघणाऱ्या मामी

आमच्या मामींना सहलीचं भारी वेड, पण सुट्ट्यांची यादी पाहून त्यांनी कधी बेत आखला नाही. बदनापूरच्या आमच्या गल्लीत त्या सगळ्यांच्याच मामी. शाळेतून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, पायात कायम कापडी बूट. श्रावणात डोंगर हिरवे झाले की वेरूळ, कार्तिकात आवळ्याखाली जेवण, ऊन तापलं की शहागडला गोदावरीचा काठ. आणि पौषात हुरडा.

हल्ली लोक शनिवार-रविवार बघून फोनवरच हुरडा पार्टी ठरवतात. मामींना ते पटत नसे. "शनिवार पाहून ज्वारी दाणा भरते का?" म्हणत त्या आधी भावाच्या शेतावर जात, दाणा नखानं दाबत. दूध निघालं तर चार दिवस थांबायचं. एकदा असा मंगळवार ठरला. बँकेत नोकरी करणारी शेजारीण कुरकुरली, तर मामी म्हणाल्या, "साहेबाला सांग, ज्वारीला रविवारी जमत न्हाई."

माझे यजमान दिवाळीच्या सुमारास अचानक गेले. मी दार लावून बसले. जानेवारीत एका सकाळी मामी दारात उभ्या राहिल्या.

"चाल. आज हुरडा आहे."

"मामी, लोक काय म्हणतील? तीन महिने नाही झाले."

"लोक हुरडा खाऊन राह्यले. तू चाल."

शेतात आगटी पेटली होती. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजत होती. मामींनी एक गरम कणीस तळहातांवर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे माझ्या ओंजळीत टाकले. पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. इतक्या दिवसांत आलं नव्हतं तेवढं. बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मामी उठल्या. "आज धूर लई होऊन राह्यला. चला गं, तिकडं बोरं पाहू," म्हणत त्यांनी सगळ्यांना बांधापलीकडे नेलं. मी पोटभर रडले. मग पोटभर खाल्लं.

गेल्या दोन वर्षांत मामींचं विसरणं वाढत गेलं. यंदा मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. त्याच्या आदल्या दिवशी, भर एप्रिलच्या उन्हात, मामी माझ्याकडे आल्या. हातात पिशवी, पिशवीत गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी.

"जल्दी आवर. ज्वारी भरली."

मी चप्पल घातली, रिक्षा बोलावली. शेत केव्हाच मोकळं झालं होतं, नांगरटीची ढेकळं उन्हात तापली होती. मामी बांधावर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. चेहरा अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

"आपल्याला उशीर झाला का गं?"

"नाही मामी," मी त्यांचा हात धरला, "आपणच लवकर आलो."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मंग बसू जरा," म्हणाल्या. लिंबाच्या सावलीत बसून आम्ही दोघींनी गूळ आणि दही खाल्लं.