पेटीतला तिसरा खळगा

ब्रह्मपुरीच्या लाकूड डेपोतला मुनशी भैयाजी नाकाडे एका जागी स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्यानं खुशाल पुढं यावं. अहो, जेवतानासुद्धा त्याचा एक पाय हलत असायचा. बायको गुणाबाई म्हणायची, या माणसाच्या पायाला भिंगरी बांधूनच सासूनं माझ्या गळ्यात घातलं. पण खरं दुखणं पायात नव्हतं, डोक्यात होतं. भैयाजीला जुन्या, लहान रिव्हॉल्वरांचं वेड होतं.

लहान म्हणजे तळहातावर मावतील एवढी. साहेबलोक कोटाच्या खिशात ठेवायचे ती. मोठ्या बंदुकांकडं तो ढुंकूनही पाहायचा नाही. बाप एका जमीनदाराकडं शिकारीची व्यवस्था बघायचा. मरताना त्यानं एक विलायती रिव्हॉल्वर मागं ठेवलं, पाच गोळ्यांचं, हस्तिदंती मुठीचं. तिथून हे खूळ सुरू झालं. दुसरं त्यानं इंग्रज जायच्या वर्षी एका साहेबाकडून घेतलं, तिसरं चांद्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून. लायसन तीन हत्यारांचं, म्हणून सागाची पेटी करून घेतली तीही तीन खळग्यांची. आत लाल मखमल.

हत्यार हातात आलं की हा आधी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायचा. नळीच्या मुळाशी मुगुटाची खूण दिसली की विलायतेत पारखलेलं. लांबट गोलात तारा असला की बेल्जमचं. स्क्रूची खाच झिजलेली दिसली की कुण्या अडाण्यानं उघडून बघितलंय, मग त्याचा चेहरा असा व्हायचा की कुणाच्या घरची मयत आहे. या खुणांपायी दर दसऱ्याला घरात भांडण ठरलेलं. गुणाबाई कुंकवाचं ताट घेऊन यायची आणि हा पेटीवर आडवा व्हायचा. कुंकू खुणांत भरते, ओल धरते, लोखंड खाते, नोको लावू! ती बिचारी बंद पेटीवर आपट्याची पानं टाकून, तुमचे देव तुमालेच लखलाभ, असं पुटपुटत चुलीकडं जायची.

आता मनातली खरी ठसठस ऐका. नागपुरात एका लिलाववाल्याच्या दुकानात त्यानं एक रिव्हॉल्वर पाहिलं होतं. त्याच्या चापाभोवती कडंच नव्हतं. चाकूच्या पात्यासारखा चाप वर दुमडून ठेवायचा. भैयाजीनं ते उलटसुलट करून पाहिलं, उद्या घेऊ म्हणाला, आणि सकाळी गेला तर ते दुसऱ्यानंच उचललं होतं. झालं! तेव्हापासून गडी हळहळत होता. सापडेल तिथं विचारत होता. दुमडत्या चापाचं, छोट्या नळीचं कुठं पाहिलं का हो? लोक हसायचे.

आणि जमीनदारी गेल्यावर पाच-सहा वर्षांनी, दसऱ्याच्याच दिवशी, त्याला ते दिसलं.

डेपोच्या कामासाठी मजूर ठरवायला तो वैनगंगा ओलांडून जंगलातल्या एका गोंड वस्तीत गेला होता. बाप ज्याच्याकडं होता त्या जमीनदाराचा जुना शिपाई वारलू तिथलाच. तो वारला होता, मागं त्याची बायको सोमारी राहिली होती. पाणी प्यायला म्हणून भैयाजी तिच्या ओसरीवर टेकला, आणि उघड्या दारातून आतल्या कोनाड्याकडं नजर गेली. दिव्यापुढं, तांदळाच्या राशीवर, शेंदरानं लालभडक थापलेलं एक छोटंसं रिव्हॉल्वर. आखूड नळी. वाकडी, पक्ष्याच्या डोक्यासारखी मूठ. आणि चापाला कडं नाही.

भैयाजीच्या हातातला पाण्याचा तांब्या तिरपा होऊन धोतर भिजलं, तरी त्याला कळलं नाही. तो उठून आत जायला लागला तर सोमारी दारात आडवी झाली. त्या घराची रीत तिनं त्याला समजावून सांगितली. मेलेल्या माणसाला वर्षभरानं घरी परत आणायचं आणि त्याच्या आवडीच्या वस्तूत बसवायचं. वारलू यात बसला होता. घरच्या माणसाशिवाय कुणी त्याला शिवायचं नाही, आणि घरच्यांनीही फक्त दसऱ्याला उचलायचं, तेल-शेंदूर चढवायचा, परत ठेवायचं. थरावर थर चढून त्याचं अंग असं झालं होतं की कुठं मुगुट, कुठं तारा, काही म्हणता काही दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून भैयाजीचं खाणंपिणं उडालं. डेपोत लाकडं मोजताना आकडे चुकायचे, मालक ओरडायचा. मनात एकच. विलायती की बेल्जमचं? आठवडा गेला की सायकल काढायची, घाटावर डोंग्यात चढवायची आणि पलीकडं निघायचं. कधी मिठाचा पुडा न्यायचा, कधी लुगडं. ओसरीवर बसून दारातून मान लांब करून बघायचा. सोमारी त्याला कंदमुळं खायला द्यायची, वारलूच्या गोष्टी सांगायची, पण ते घेतो म्हटलं की उठून चुलीकडं जायची. माणूस कोण देईल हो?

मग एकदा, पावसाळ्याआधी, भैयाजीचा तोल सुटला. बोलू नये ते बोलला. म्हणाला, बाई, बिनलायसनचं हत्यार घरात ठेवणं गुन्हा आहे. पोलिसांना कळलं तर जप्ती होईल, तुला ठाण्यात नेतील. त्यापेक्षा मला दे, मी रीतसर माझ्या लायसनवर चढवतो. त्याला वाटलं आपण तिच्या भल्याचंच सांगतोय. माणसाला असंच वाटतं. सोमारीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं कोनाड्याकडं पाहिलं. म्हणाली, येत्या दसऱ्याले या. उचलाचा दिवस तोच. तवर हात लावू नोका.

घरी येताना भैयाजीची सायकल जमिनीवर नव्हती. पण लायसन तीनच हत्यारांचं. नवं यायचं तर एक जायला हवं. डॉक्टरचं द्यावं, तर ते फुटक्या मुठीचं, कुणी हात लावेना. साहेबाचंही कुणाला नको होतं. बापाचंच तेवढं सगळे मागत होते. आठ दिवस तो पेटी उघडायचा नि मिटायचा. गुणाबाईनं सासऱ्याची बाजू घेत स्पष्ट सांगितलं, मामाजीची वस्तू इकसान तं आयुष्यभर कुढत बससान. त्यानं ऐकलं नाही. आरमोरीच्या एका मिलवाल्याच्या नावावर बापाचं रिव्हॉल्वर रीतसर करून दिलं, चांद्याला जाऊन लायसनच्या साहेबाला नव्या हत्याराचं सांगून आला, आणि दसऱ्याची वाट बघत मखमलीतल्या रिकाम्या खळग्यावरून बोट फिरवत राहिला.

दसऱ्याच्या सकाळी तो पोचला तेव्हा सोमारीचं अंगण सारवलेलं होतं. पानाच्या द्रोणात नव्या तांदळाचा भात वाढलेला होता. शेजारच्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक पदर तोंडाशी धरून रडत होती. भैयाजीला काही समजेना. सोमारी आत गेली, कोनाड्यासमोर बसून गोंडीत कितीतरी वेळ बोलत राहिली. गावाला निघालेल्या नवऱ्याला बाई सांगते ना, नीट जा, पोटभर जेव, तसा तो आवाज होता. मग नव्या फडक्यात गुंडाळून ते तिनं बाहेर आणलं आणि भैयाजीच्या ओंजळीत ठेवलं.

त्याचे हात आपसूक वर गेले. वजनच नव्हतं.

वीस वर्षं या हातांनी लोखंड तोललं होतं. त्यानं फडकं बाजूला केलं, नखानं मुठीपाशी शेंदराचा एक कपचा उडवला. खाली शिवणीच्या झाडाचं पिवळट लाकूड. सुरीनं तासलेलं, गुळगुळीत केलेलं. चापाला कडं नव्हतं, कारण बारीक कडं लाकडात टिकलं नसतं.

"सोमारीबाई, हे लाकूड हाय," तो म्हणाला.

"लाकूडच हाय," ती म्हणाली. "खरं होतं ते तं जमीनदारी गेली तवाच सरकारनं जमा केलं. त्याले करमे ना. दसऱ्याले पुजाले काई पाह्यजे म्हून त्यानंच हे कोरलं."

"मंग तू मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमीच म्हणलं ना, सरकारले हे बी लागते म्हून."

 भैयाजी सारवलेल्या अंगणातच खाली बसला. पावसाळाभर ही बाई नवऱ्याला ठाण्यात न्यायला कुणी येईल म्हणून दाराकडं बघत राहिली असेल, आणि आपण तिच्या ओसरीवर बसून मुगुट की तारा याचा विचार करत होतो! त्याला स्वतःची किळस आली. बायांकडं बघायची हिंमत होईना. त्यानं कपचा उडालेल्या जागेवर अंगठा ठेवला, झाकून धरला, आणि ओंजळ पुढं केली.

"याले लायसन लागत नाई, बाई. कोणी येत नाई न्याले. ठेवा घरी."

सोमारीनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. खात्री पटायला तिला वेळ लागला. मग तिनं ते असं काही छातीशी घेतलं की भैयाजीला मान फिरवावी लागली. आत जाऊन तिनं उघड्या पडलेल्या जागेवर शेंदूर लावला. द्रोणातला भात वारलूचा होता, आता तो जाणार नव्हता, म्हणून सगळ्यांनी मिळून खाल्ला. भैयाजीलाही वाढला. त्यानं तो मान खाली घालून संपवला.

उन्हं कलताना तो घरी पोचला. गुणाबाईनं हातात काही नाही हे पाहिलं. पेटीवर टाकायला आपट्याची पानं तिनं काढूनच ठेवली होती. भैयाजीनं पाय धुतले, पेटी पुढं ओढली आणि झाकण उघडलं. कोणतं असेल वारलूचं सरकारजमा झालेलं ते खरं? विलायती? बेल्जमचं? आता कोण सांगणार! एक पाय हलायला लागला होताच.

"ताट आण," तो म्हणाला.

 गुणाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग ती ताट घेऊन आली. भैयाजीनं कुंकवात बोट बुडवलं आणि बापाच्या रिव्हॉल्वरच्या रिकाम्या खळग्यात, मखमलीवर, टेकवलं.