पाट्या वाचणारे काका

आमच्या परळच्या चाळीत शेजारी राहणाऱ्या काकांइतका मोठा आवाज मुंबईत आणखी कुणाचा असेल, असं मला वाटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ते घोषणा देऊ लागले की पुढचे लोक कान झाकून चालत, आणि सकाळी नळावर त्यांनी हळूच म्हटलेलं "उठलात का वहिनी?" तिसऱ्या मजल्याला जागं करी. हा आवाज त्यांनी मूकपटात कमावला. तेव्हा पडद्याशेजारी उभं राहून अक्षरांच्या पाट्या वाचून दाखवायला माणूस ठेवत. काका ते काम करत. त्यांचा लाडका सिनेमा एकच: धनगराचा पोरगा, पाटलाची लेक आणि मध्ये ओढा. गॅलरीत तो आम्ही इतक्यांदा ऐकला होता की ओढ्याला पाणी किती, हे लहान मुलंही सांगत.

एका वर्षी आमच्या कॉलेजला त्याच सिनेमाची जुनी प्रत मिळाली. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मीच पहिला. तरी धीर करून पाट्या वाचायला सरांना काकांचं नाव सुचवलं. काका इस्त्रीचं धोतर नेसून निघाले, पण हॉलच्या जिन्यात माझा हात धरून म्हणाले, "पोरा, मला वाचता येत नाही रे. तेव्हा ऐकणाऱ्यांनाही येत नव्हतं, म्हणून निभावलं. तुझी ही पोरं हसतील बघ." पण परत फिरायला वेळ नव्हता.

पडद्यावर पाटी आली: 'मुलीचं लग्न ठरलं. ती परगावी गेली.' काका गरजले, "ती म्हणते, शिमग्यापर्यंत थांब, मी ओढा ओलांडून येते!" पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी डोळेच मिटले. तेवढ्यात मागून आवाज आला, "ए, गप रे! काका, मग आली का ती?"

"न येऊन जाते कुठं!"

टाळ्या पडल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. पुढे पाट्यांकडे कुणी पाहिलंच नाही. शेवटी पोरगा ओढ्याकाठी एकटाच उभा राहिला, तेव्हा काका म्हणाले, "ऐका, पैंजण वाजतायत." आणि सगळा हॉल खरंच ऐकत राहिला.

परतताना मी भीतभीत विचारलं, "काका, ती येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"चित्रात दिसायचं की. पण समोर सगळे गिरणीतले, बायको गावी ठेवून आलेले. ती आलीच नाही, असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?"

अजून गॅलरीत तो सिनेमा सुरू होतो. मी पाट्या वाचल्या आहेत. तरी ओढ्यापाशी आलो की मीच विचारतो, "काका, मग आली का ती?"