शकीलभाईंचा तास

शकीलभाई गेले त्या दुपारी त्यांच्या दारातल्या सगळ्या चपला मी मापानुसार ओळीत लावून ठेवल्या. लहान पुढं, मोठ्या मागं, टाचा भिंतीकडं. मला कुणी सांगितलं नव्हतं. तुळजापुरात त्यांच्या गल्लीत पोचलो तेव्हा आत गुस्ल, म्हणजे मय्यतीचं शेवटचं स्नान, चालू होतं. बाहेर माणसं माना खाली घालून उभी होती आणि माझ्या हातांचं काय करावं हे मला कळत नव्हतं. आदल्या संध्याकाळीच या माणसानं फोन करून मला झापलं होतं, की उद्या तुमच्या शाळेत येतोय, पाण्याच्या ड्रमपुढं परत सायकली लावलेल्या दिसल्या तर बघा. आणि सकाळी दाढी करता करता छातीत कळ येऊन तोच माणूस... मी खाली वाकलो आणि हाताला येईल ती चप्पल जोडीनं लावत सुटलो. मग जनाजा निघाला. माणसं घाईनं बाहेर आली, जिथं चप्पल काढली होती तिथं ज्यानं त्यानं पाय घातला, तर तिथं दुसऱ्याचीच. जनाजा चपलांसाठी थांबत नाही. निम्मे लोक अनवाणी निघाले. एक म्हातारे चाचा एका पायात आपली अन् दुसऱ्या पायात कुणाची तरी घालून चालू लागले. शकीलभाईंचा धाकटा भाऊ रियाज माझ्याकडं बघत राहिला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "गुरुजी, हे काय करून ठिवलाव," म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू.

चपलांचा हा नाद मला शकीलभाईंनीच लावलेला. शकील मुजावर चाकणकडं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. आईच्या आजारपणात गावी परतले आणि भावाबरोबर भांड्यांच्या दुकानात बसू लागले. पण त्यांना बसवेना. कारखान्यातली, मूळची जपानी, 'लीन' विचारपद्धत त्यांच्या हाडीमांसी मुरली होती. कामातलं फुकटचं काम ओळखायचं, ते काढून टाकायचं, आणि रोज काहीतरी इवलंसं सुधारत राहायचं, एवढंच तिचं सार. ती त्यांनी आधी भावाच्या दुकानावर चालवली. रियाजनं हात जोडले तेव्हा ते आम्हा मास्तरांकडं वळले. आसपासच्या जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, तिला शिक्षण परिषद म्हणतात. त्या परिषदेत दुपारचा एक तास शकीलभाईंचा असे. चहाशिवाय त्यांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही, आणि चहालाही नावं ठेवली. दफन झालं, आम्ही मूठमाती देऊन बाहेर आलो, आणि कब्रस्तानाच्या दारातच आमच्या केंद्रप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. परिषद त्यांच्याच अखत्यारीत. हळू आवाजात म्हणाले, की आता तो तास कोण घेणार, कुणी नसेल तर त्या वेळात परिपत्रकं वाचून टाकू, लई साठलीत. हाताची माती अजून झटकली नव्हती. मी म्हणालो, मी घेतो. त्यांनी "तुम्ही?" एवढंच विचारलं. शकीलभाईंचा तास राहणार की परिपत्रकांखाली गाडला जाणार, हे त्या घडीला माझ्या गळ्यात येऊन पडलं.

आमची ओळख झाली ती माझी फजिती होऊनच. जळकोटकडच्या माझ्या शाळेत ते भाच्याच्या बोनाफाईडसाठी आले होते. कोरा दाखला एका कपाटात, शिक्का दुसऱ्यात, शाईचं पॅड तिसरीच्या वर्गात, आणि कपाटाची किल्ली माझ्या मोटरसायकलच्या डिकीत. मी ऊठबस करत होतो, घामाघूम होत होतो, आणि हा कडक इस्त्रीचा, अत्तर लावलेला माणूस बाकावर बसून मन लावून बघत होता. शेवटी कागद हातात पडल्यावर म्हणाला, "सर, तुमची तब्येत चांगली राहती बघा. बसायला येळच भेटत न्हाय." मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी शिक्का, पॅड आणि दाखले एका खणात ठेवले, आणि ती किल्ली शाळेच्या जुडग्यात अडकवून जुडगा घरी नेला, तो सकाळी तिथंच विसरलो. त्यामुळं शाळा दुपारपर्यंत बंद राहिली, तो भाग वेगळा.

त्यांना सगळं येत होतं असं मात्र नाही. परिषदेतल्या पहिल्या तासाला ते स्टॉपवॉच घेऊन आले. मुलं प्रार्थनेवरून वर्गात यायला किती वेळ लावतात, पाणी प्यायला किती, सगळं मोजायचं म्हणाले. शेजारच्या गावच्या शोभा कांबळे बाई उठल्या. बाईंच्या तोंडापुढं भल्याभल्यांनी हात टेकलेले. म्हणाल्या, "भाई, माझी पोरं नटबोल्ट न्हायीत. एखादं रडत येतं, त्याचा येळ कशात धरू?" शकीलभाईंनी घड्याळाकडं बघितलं, ते खिशात घातलं आणि म्हणाले, "माझं चुकलं, बाई. तुम्ही सांगा, कुठून सुरू करू?" इतकी वर्षं नोकरी झाली, पण परिषदेच्या खोलीत 'माझं चुकलं' हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडं चूक नेहमी वरच्या ऑफिसची असते किंवा खालच्या पालकांची. मध्ये आम्ही स्वच्छ. त्या दिवसापासून त्यांचा तास असाच चालला. बोलायचं कमी, प्रत्येकानं आपल्या शाळेतली एक अडचण मांडायची, आणि अडचणीत दोष कुणाचा हे विचारायला बंदी.

एकदा ते माझ्या शाळेत आले आणि व्हरांड्यात खडूनं एक गोल काढला. म्हणाले, मधली सुट्टी संपेपर्यंत यात उभं राहायचं, बोलायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं. मी, मुख्याध्यापक, उभा राहिलो. पोरांना तर सणच झाला. खिचडीच्या ताटल्या घेऊन ती माझ्याभोवती फिरून फिरून बघून जात होती. रस्त्यानं जाणाऱ्यांनी सायकली थांबवल्या. शाळा समितीचे अध्यक्ष धोतर सावरत फाटकातून आत आले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, कुणी केली ही शिक्षा? म्या बोलू का वर?" मला बोलायची बंदी. मी मान हलवली, त्यांना वाटलं मी रडतोय. पण त्या गोलात उभं राहून मला दिसलं, की हात धुवायचा ड्रम चौथीच्या दाराशी आहे, पहिलीची चिल्लीपिल्ली तिथवर पोचेतो मोठी पोरं घेरा घालतात, आणि शाळेतली सगळ्यात लहान लेकरं रोज सगळ्यात शेवटी, गार झालेली खिचडी खातात. माझ्या डोळ्यांसमोर हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि मी तिथंच उभा राहून "ओळ करा" म्हणून ओरडत होतो. आम्ही ड्रम पहिलीच्या दाराशी आणला. मी लगेच फोटो काढायला मोबाईल काढला, तर शकीलभाईंनी हात धरला. म्हणाले, आधी पंधरा दिवस टिकतंय का बघा, मग फोटो. टिकलं नाही. ड्रमपुढं पोरांच्या सायकली आल्या. परत काढल्या, परत आल्या. त्यावरनंच तो शेवटचा फोन...

अजून ते गेल्याचं खरं वाटत नाही. ड्रमपुढं सायकल दिसली की आधी त्यांना कळायच्या आत काढतो, मग आठवतं. अशा अवस्थेत परिषदेचा दिवस आला. मी रात्री जागून पडद्यावर दाखवायची चित्रं बनवली होती, जपानी शब्द घोकले होते, त्यांतले दोन तर मला बायकोच्या समोरही धड म्हणता आले नव्हते. बोलायला लागलो. पाच मिनिटांत माना मोबाईलमध्ये गेल्या. केंद्रप्रमुखांनी पिशवीतून परिपत्रकांचा गठ्ठा काढून मांडीवर घेतला. मी आवाज चढवला. आणि एका वाक्यात अडकलो तेव्हा सवयीनं खिडकीजवळच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीकडं वळून म्हणालो, "बरोबर ना, भाई?"

खुर्चीत कुणी नव्हतं. पुढचा शब्द येईना. पंखा फिरत होता, पडद्यावर माझं रंगीत चित्र तसंच, आणि सगळे माझ्याकडं बघतायत. केंद्रप्रमुखांनी चष्मा चढवला, वरचा कागद उचलला. तास गेला, असं मला स्पष्ट कळलं.

तेवढ्यात कांबळे बाई उठून फळ्याशी आल्या. कुणाला विचारलं नाही. खडू घेऊन त्यांनी शाळेचा आराखडा काढायला घेतला आणि म्हणाल्या, की माझा परिपाठ इतका लांबतो की पहिला तास रोज बुडतो, मला वाटायचं पोरांमुळं, पण मीच लांबवत असणार, बघा बरं कुठं चुकतंय. मागून एक तरुण मास्तर म्हणाला, बाई, पोरं उभी कुठं असतात ते दाखवा. दुसरा म्हणाला, माईक कुठं असतो? एक जण खुर्ची सरकवून पुढं आला. मोबाईल खाली गेले. केंद्रप्रमुखांनी कागद धरलेला हात तसाच ठेवून विचारलं, "अन् हजेरी कवा घेता?" बाईंनी हजेरीसाठी चौकोन काढला, त्याच्या बाजूला बाण काढायला हात लांबवला, आणि थांबल्या. मी तिथंच होतो, फळ्याला पाठ लावून, तोंड उघडं टाकून, हातात रिमोट.

"सर, तुम्ही तिकडं बसा बघू कुठंतरी," बाई म्हणाल्या. "मधीच उभारलाव, काय दिसंना कुणाला."