बिनचूक वाटी

आमच्या कातकाम मंडळात एक रीत आहे. कोणी लेथवर लाकूड कातून काही घडवून आणलं, की ते सगळ्यांच्या हातांतून फिरतं आणि प्रत्येकाने त्यातली एक तरी चूक काढायचीच. पुढची वस्तू अधिक चांगली व्हावी म्हणून.

काल भोसलेकाकांनी सागाची वाटी आणली. हल्ली त्यांचा हात फार थरथरतो. वाटीची कड एका बाजूला कागदासारखी पातळ, तर दुसरीकडे जाडजूड झाली होती. डोळे मिटले तरी बोटांना कळत होतं.

"छान झालीय, काका," जो तो म्हणाला. मीही म्हणालो. दुसरं काय बोलणार?

वाटी परत आल्यावर काकांनी कडेवरून अंगठा फिरवला. "बरं," ते हसून म्हणाले, "म्हणजे आता माझ्या चुका काढणं बंद."