हिरवी टिक आली होती

माझ्या नवऱ्याला एका वेबसाइटनं येडं ठरवलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं.

त्या सकाळी मी ज्वारी चाळत होते. हे गिरणीचा पट्टा चढवत होते.
सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सोमवारी अमावस्या हाय. घर सोडायचं न्हाय."

मंगळवारी यांचं सोलापुरात ऑपरेशन होतं. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात सोमवारची खोली मोबाइलवरून बुक केली होती.

हे हसले. "बरं आई, रविवारीच निघतो. यमाला पंचांग दाखवायची येळ नको."

यांनी हाताचं पीठ पुसलं आणि तारीख बदलायला बसले.
"झालं बघ. हिरवी टिक आली."
मीही बघितली. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी काहीतरी होतं.

रविवारी पोचलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुम्हीच कॅन्सल केलंय."
लग्नसराई. खोली शिल्लक नव्हती.

ऑपरेशनपर्यंत माझा माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर पडून राहिला.

त्यामुळं ते गेले असं मी म्हणत नाही. आजारच मोठा होता.
पण जाईपर्यंत म्हणत राहिले, "म्याच चुकलो. तुला फरशीवर झोपवलं."

घरात त्याची गंमत झाली. धाकटे दीर पाहुण्यांना सांगायचे, "दादाच्या हातात मोबाइल देऊ नका, घर कॅन्सल करंल."
हेही हसायचे. खाली बघून.

काल मी तीच साइट उघडली. नणंदेला पुढच्या महिन्यात सोलापूरला दाखवायचंय.
इंग्रजी मी त्यानंतर पोरांच्या जुन्या पुस्तकांवरून शिकले. सावकाश वाचते, पण वाचते.

खोली बुक झाली. मग मुद्दाम तारीख बदलायला गेले.
मध्येच ऑफरची जाहिरात आडवी आली. ती घालवायची फुली तिळाएवढी. एकदा दाबली, हलली नाही. पुन्हा दाबायला गेले तर जाहिरात आपोआप गेली, पान वर सरकलं आणि बोटाखाली 'कॅन्सल' आलं.
नक्की करायचं का, एवढंही विचारलं नाही.
हिरवी टिक. खाली बारीक अक्षरांत, तुमची विनंती पूर्ण झाली.

अशी विनंती मी केली नव्हती. यांनीही केली नव्हती.

हे बनवणाऱ्यांनी एकदा तरी आजारी माणसाच्या हातात फोन देऊन बघितलं का? बोलायला माणूस ठेवायचा नाही, आणि चूक मात्र दाबणाऱ्याची. लाज कशी वाटत नाही.

अहो, तुम्ही चुकला नव्हता. आता ते मनात ठेवू नका. निवांत पडा.

आज वर्षश्राद्ध. पानं वाढायच्या आधी मी नवं बुकिंग केलं, फोन धाकट्या दिरांच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भावजी, तारीख बदलून दाखवा."
त्यांचंही कॅन्सल झालं.
मग मी पानं वाढली.