भेकाला चावलेला कुत्रा

पावसाळ्यात एका शनिवारी मी पुण्याच्या हॉस्टेलवरून निरगुडसरला घरी आले होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, विषय प्राणिशास्त्र. संध्याकाळी अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपणारा भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, आमच्या कुत्र्यानं तोंडात धरला आणि लगेच टाकला. मी ओट्यावरून पाहत होते. त्याच्या तोंडातून फेस गळू लागला. मान झटकत तो गोल फिरायला लागला.

“पिसाळलं! पोरं आत घ्या!” चुलते काठी घेऊन धावले.

“तात्या, पिसाळला नाही. भेकाला चावलाय तो. भेकाच्या डोळ्यांमागं गाठी असतात, त्यात विष असतं.”

“अंगणात इख घेऊन बेडूक बसतोय, अन् आमाला ठाव न्हाई? लई शिकली राव ही!”

शेजारचे हसले. मी अडखळले. पुस्तकातले विषारी बेडूक लालभडक, पिवळेधमक. रंग पाहूनच शिकारी लांब राहतो, असं लिहिलेलं. आहुप्याच्या सहलीत लाल पाठीचा एक बेडूक मी पाहिलाही होता. हा मात्र ढेकळाच्या रंगाचा. तो दाखवून कुणाला पटवणार? शेवटी मीच कुत्र्याला धरलं आणि ओल्या फडक्यानं त्याच्या हिरड्या पुन्हा पुन्हा पुसल्या. हळूहळू फेस थांबला. तो पाणी प्यायला आणि माझ्या पायाशी पडून राहिला. चुलत्यांनी काठी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेक परत दिव्याखाली आला. कुत्र्यानं वास घेतला, तोंड फिरवलं आणि लांबून वळसा घातला. एका चाव्यात त्याला कळलं होतं. मी चुलत्यांना हाक मारून ते दाखवलं.

“बरं बरं,” ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी आले तर कुत्र्याची साखळी रिकामी.

“कुत्रं पिसाळलंय म्हणून लोक कुजबुजत व्हते. मारून टाकलं. उगं रिस्क कशाला?” चुलते म्हणाले.

“तुम्ही होता ना घरी?” मी वडिलांना विचारलं.

“भावाशी वाद कुठं घालू?”

खाणारा, पिणारा, शेपूट हलवणारा कुत्रा चुलत्यांनी मारला. भीतीनं मारला, हे मी आजही मानत नाही. भीती वाटायची ती संध्याकाळ होऊन गेली होती. घरातल्या पोरीचं ऐकलं असं गावाला दिसू नये, म्हणून मारला.

दिवाळीत चुलत्यांनी नवं पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. “घ्या मास्तरीणबाई. याला शिकवा, बेडूक धरायचा न्हाई म्हणून.”

सगळे हसले, वडीलही. मी पिल्लू खाली ठेवलं, पिशवी भरली आणि पाडव्याच्या दुपारीच एसटीनं हॉस्टेलवर निघून आले.