आजाऱ्याचा डबा

परभणीत वसमत रोडच्या आतल्या गल्लीत पार्वतीबाईंची खानावळ आहे. पाटी नाही. पण शिकायला आलेल्या कुठल्याही पोराला विचारा, ‘आत्याची खानावळ’ म्हणून बोट दाखवील. आत्या हे नाव योगीराजमुळे पडलं. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, बोरीच्या सूर्यभानचा मुलगा. बारशाला त्याचं नाव त्यांनीच कानात सांगितलेलं. दहावीनंतर त्याला परभणीत आणलं त्यांनीच, मागच्या गल्लीत खोली बघून दिली आणि खोलीत जोडीदार म्हणून पाथरीकडचा बालाजीही त्यांनीच शोधला. “गरीब पोरगं हाय, ह्याला सांभाळून घील,” असं भावाला सांगितलं. योगीराज आत्या म्हणे, म्हणून बालाजी म्हणू लागला, मग सगळी खानावळच म्हणू लागली.

नवऱ्याच्या मागं पोळपाटावर दोन मुली उजवलेली ही बाई तोंडाची फटकळ होती.

“आत्या, भाजीत मीठ कमी हाय.”

“तुझ्या तोंडात लय हाय, त्यातलं घे.”

खानावळीचा एक कायदा होता. डबा कुणाच्या हाती द्यायचा नाही. यायचं, बसायचं, जेवायचं. त्याला सूट फक्त आजाऱ्याची. कुणी तापानं पडला की पार्वतीबाई वेगळा मऊ भात टाकायच्या, त्यावर मुगाचं वरण, तूप, लिंबाचं गोड लोणचं. तो डबा खोलीतला जोडीदार घेऊन जायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी योगीराज एकटाच आला.

“बाळ्या कुठाय रे?”

“ताप आलाय त्याला. पांघरूण घेऊन पडलाय. मऊ भात मागितलाय आत्या.”

“दवाखान्यात न्हेलास का?”

“सकाळी नेतो.”

भात शिजेस्तोवर तो पंगतीत बसून जेवला. ठेचा दोनदा मागून घेतला. डबा घेऊन गेला आणि सकाळी परत आणून दिला. पार्वतीबाईंनी झाकण उघडलं तर डबा लख्ख धुतलेला. इतक्या वर्षांत एकाही पोरानं डबा धुऊन आणला नव्हता. त्यांनी तो सगळ्यांसमोर वर धरला.

“बघा रे भाड्यांनो, ह्याला म्हणतात वळण! आता कसाय बाळ्या?”

“बराय. सगळं खाल्लं. सकाळच्या गाडीनं गावाकडं गेला.”

दुसऱ्या दिवशी बालाजीचे वडील दिनकरराव आले. पोरगा घरी पोचला नव्हता, फोनही लागत नव्हता. खानावळीच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी विचारलं, “शेवटचं कवा जेवला ताई?”

“परवा राती, दादा. पोटभर. डबा पुसून खाल्ला त्यानं.”

पोलिसांनाही पार्वतीबाईंनी हेच सांगितलं. त्यांच्या शब्दावर पोलीस बसस्टँड आणि पाथरीचा रस्ता धुंडाळत राहिले. बालाजी सापडला कालव्याच्या दारापाशी. डॉक्टरांनी सांगितलं, त्याचा जीव गेला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारीच. शिकवणीत सरांनी योगीराजला मारलं, त्याचा व्हिडिओ बालाजीनं पोरांच्या ग्रुपवर टाकला होता. योगीराजनं त्याला बोलायला म्हणून कालव्यावर नेलं आणि मागून डोक्यात दगड घालून पाण्यात ढकललं. पोलिसांपुढे त्यानं स्वतःच हे कबूल केलं.

पार्वतीबाई रडल्या नाहीत. त्यांना एवढंच दिसत राहिलं, की त्या भातावर तूप वाढत होत्या तेव्हा ज्याच्यासाठी वाढत होत्या तो पाण्यात होता. आणि ज्यानं त्याला पाण्यात ढकललं, तो समोर बसून ठेचा मागत होता.

महिन्याभरानं सूर्यभान आला. पाणीसुद्धा न घेता त्यानं विषय काढला.

“आक्का, बाल न्याय मंडळाकडून मॅडम येणार हायेत तुझ्याकडं. पोरगं सतराचं हाय. त्याला समज होती का न्हवती, हे मंडळ ठरवणार. न्हवती म्हणलं तर तीन वर्षं सुधारगृह, मग घरी. होती म्हणलं तर मोठ्या माणसावानी खटला.”

“मग मी काय करू?”

“रागाच्या भरात झालं, मग भ्यालं, एवढं सांग. ते धुतलेल्या डब्याचं काढू नको. डब्यानं मेलेलं माणूस उठतं का?”

पार्वतीबाईंचा परातीतला हात थांबला. डबा नेल्याचं पोलिसांना माहीत होतं. धुतल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शरमेनं सांगवत नव्हतं. आणि पंगतीतली पोरं काही बोरीला जात नव्हती.

“धुतल्याचं तुला कुणी सांगितलं?”

सूर्यभान टोपी काढून झटकू लागला.

“त्यानंच ना? भेटायला गेलास तवा?”

“म्हणला, आत्याला तेवढं बोलू देऊ नका.”

“आन बालाजीच्या मायचं काई विचारलं का?”

“लेकरू हाय गं ते.”

“लेकरू असतं तर डबा धुवायचं सुचलं असतं का? बारा महिने माझ्याकडं जेवला, ताट कधी उचललं न्हाई त्यानं.”

“आक्का, आपलं रगत हाय.”

“म्हणून तर भात टाकला मी. फार इचारलं न्हाई, खोलीवर जाऊन बघितलं न्हाई. दुसरा कुणी असता तर बघून आले असते.”

“मग ऐक. तू बोललीस तर बोरीची वाट इसर.”

चार दिवसांनी मंडळाच्या हेमा मॅडम आल्या. तरुण होत्या, हळू बोलत होत्या. मुलगा कसा होता, संगत कशी होती, विचारत राहिल्या. पार्वतीबाईंनी चांगलं ते सगळं सांगितलं. गणितात हुशार होता, आजीला फोन करायचा, उपवासाला केळी आणून द्यायचा. खोटं त्यात काहीच नव्हतं. मॅडमनी निघायला पर्स उचलली.

“बसा,” पार्वतीबाई म्हणाल्या. “एक राहिलं.”

त्यांनी फळीवरून तो डबा काढून समोर ठेवला आणि सुरुवातीपासून सांगितलं. भाताचं, ठेच्याचं, लख्ख धुतल्याचं. सूर्यभानच्या तोंडून आलेला निरोपही सांगितला. मग म्हणाल्या, “त्याच्या बापाला मी सांगितलं, पोरगा पोटभर जेवून गेला. तो बाप त्यावर रडला, मॅडम. माझ्या तोंडातून वदवलं योगीराजनं ते.”

“तुमच्या मते त्याला कळत होतं?”

पार्वतीबाईंनी डबा मॅडमकडं सरकवला.

“नाव मीच ठिवलंय त्याचं. माझ्या तोंडून कशाला वदवता? लिहून घ्या, मी सही करते.”

मंडळानं प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवलं. खटला मोठ्यांसारखा चालेल. भाऊबीजेला बोरीहून कुणी आलं नाही. पार्वतीबाईंनी ओवाळणीचं ताट तयार केलं होतं. संध्याकाळी त्यातला दिवा त्यांनी उचलून देवापुढं ठेवला.

परवा एका पोरानं येऊन सांगितलं, “आत्या, आमच्या खोलीतला सचिन तापानं फणफणलाय. मऊ भात द्या, मी नेतो.”

“आत्या म्हणू नको मला,” त्या म्हणाल्या.

भात शिजला. पार्वतीबाईंनी डबा भरला, पंगत तशीच सोडून पदर खोचला, पायात चपला सरकवल्या.

“चल. म्होरं हो. खोली दाखव.”

“मी नेतो की, मावशी.”

“चल म्हणलं ना.”

खोलीत सचिन खरंच तापानं पडला होता. दारात खानावळवाल्या बाईला बघून तो गडबडून उठून बसला. त्याला जेवण जात नव्हतं. पण पहिला घास त्याच्या तोंडात जाईपर्यंत पार्वतीबाई दारातून हलल्या नाहीत.